रविवार कुणाचा?

रविवार हा निसर्गनियम आहे, अशी आम्हा मध्यमवर्गीयांची ठाम समजूत असते. सूर्य पूर्वेला उगवतो, आंबा उन्हाळ्यात पिकतो आणि शनिवार संपला की सुट्टी लागते. सोमवार ते शनिवार हे सहा वार माणसांनी केले असतील, कदाचित सरकारनं केले असतील. रविवार मात्र वेदांसारखा अपौरुषेय. त्याचा कर्ता कोण, तो कुठून आला, असले प्रश्न आपल्याला पडत नाहीत. आपल्याला पडतो एवढाच प्रश्न, की तो इतक्या लवकर संपतो कसा?

या वाराचे विधीही ठरलेले आहेत. उशिरा उठणे. उठल्यावर आपण उशिरा उठलो हे घरातल्या सर्वांना सांगणे. पोहे. नेहमीपेक्षा जाड वर्तमानपत्र. अकरा वाजता दुसरा चहा. बारा वाजता अंघोळीचा विचार. दुपारी साग्रसंगीत जेवण आणि मग "जरा पंधरा मिनिटं पडतो" असं म्हणून जे पडणं, ते चारपर्यंत. मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालो त्याला आता आठ वर्षं झाली. म्हणजे माझे सातही वार रविवारच आहेत. तरीसुद्धा मंगळवारी दुपारी झोपताना मनाला थोडं चोरटं वाटतं आणि रविवारी तीच झोप हक्काची वाटते. छत्तीस वर्षांची सवय आहे, इतक्या सहजी जायची नाही.

या सगळ्या विधींमध्ये एक गोष्ट गुपचूप होत असते. भांडी घासली जातात. पोह्यांची कढई, दोन वेळच्या चहाची भांडी, साग्रसंगीत जेवणाची ताटं-वाट्या-पातेली, सगळं ओट्याखालून नाहीसं होतं आणि संध्याकाळी स्वच्छ होऊन मांडणीवर प्रकट होतं. रविवारच्या विधींची यादी करताना कुणी हे त्यात धरत नाही. आपण दिवसभरात काय काय केलं हे सांगताना "श्वास घेतला" असं कुठे सांगतो?

तर अशा या अपौरुषेय वारावर आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षी हक्क सांगितला गेला. तोही न्यायालयात नव्हे, मोर्चा काढून नव्हे. आमच्या चार मजल्यांवरच्या अठ्ठावीस घरांत मिळून सात बाया कामाला येतात. त्या सातही जणींनी एकाच दिवशी, आपापल्या ठरलेल्या वेळी, भांडी पालथी घालता घालता दोन वाक्यं सांगितली. "पुढच्या महिन्यापासून रविवारी यायची नाही. पगार तेवढाच राहील."

माझी बायको म्हणाली, यातलं पहिलं वाक्य बिल्डिंगनं ऐकलं आणि दुसरं बिल्डिंगला लागलं.

लगेच सेक्रेटरींनी फळ्यावर नोटीस लावली: "घरकाम करणाऱ्या महिलांच्या साप्ताहिक सुट्टीबाबत विचारविनिमय." गच्ची गळते या विषयावरच्या सभेला आमच्याकडे कोरम भरत नाही, अर्धा तास थांबून, कोरमची अट नसलेली तीच सभा पुन्हा सुरू करावी लागते. या सभेला खुर्च्या कमी पडल्या. सभा अर्थातच रविवारी होती, कारण त्याच दिवशी सगळ्यांना वेळ असतो. माझं अक्षर बरं आहे आणि मी कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो, असा बिल्डिंगचा समज असल्यामुळे इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. म्हणून पुढची चर्चा मी शब्दशः सांगू शकतो.

पहिले बोलले ते पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी. गृहस्थ नोकरीत असताना युनियनचे मोठे कार्यकर्ते. बँकेचा एकही संप त्यांनी चुकवला नाही. ते म्हणाले, "हे चक्क अडवून घेणं झालं. आमच्या वेळी संपाला काही तत्त्व असायचं." तत्त्व कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही, पण आवाजावरून ते पगारवाढीचं असावं असं वाटलं.

दुसऱ्या बोलल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका. "रविवारीच तर माणसं घरात असतात. रविवारीच पाहुणे येतात. बाकीचे सहा दिवस नाही आली तरी एकवेळ चालेल." म्हणजे आपली सुट्टी हेच तिच्या कामाचं कारण. आपल्याला विश्रांती मिळावी म्हणून तिला ती मिळता कामा नये. मांडणी तर्कशुद्ध होती. मी ती जशीच्या तशी लिहून घेतली.

तिसरा मुद्दा आला, "आज रविवार मागतायत, उद्या प्रॉव्हिडंट फंड मागतील." हा मुद्दाही बँक अधिकाऱ्यांचाच. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन या तिन्ही गोष्टी पदरात असलेला माणूस "प्रॉव्हिडंट फंड" हा शब्द इतक्या भेदरलेल्या स्वरात उच्चारू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

चौथा एक तरुण संगणक अभियंता. त्याला बायांचीच काळजी होती. "यात त्यांचंच नुकसान आहे, काका. असे नखरे वाढले की लोक भांडी धुवायचं मशीन घेतील. मग त्या जाणार कुठे?" हा मुलगा स्वतः आठवड्यातले दोन दिवस सुट्टी घेतो आणि उरलेल्या पाचांतले दोन दिवस घरी बसून काम करतो.

पाचवा प्रश्न मागच्या रांगेतून आला आणि तो सगळ्यांनाच पटला. "पण मी म्हणतो, त्या सुट्टी घेऊन करणार काय?"

आणि शेवटी आलं आपल्या वर्गाचं ब्रह्मवाक्य: "आपण कुठले श्रीमंत? आपल्याला असल्या गोष्टी परवडतात का?"

यावर माना डोलल्या. कुणीतरी अल्टामाउंट रोडवर एकाच कुटुंबासाठी बांधलेल्या २७ मजली घराचा दाखला दिला. श्रीमंत म्हणजे ते. आपण म्हणजे आपले साधे. यावर देशातल्या वाढत्या विषमतेबद्दल पाचसात मिनिटं फार चांगली चर्चा झाली. सगळी संपत्ती मूठभरांच्या हातात कशी जाते, प्रामाणिकपणे कर भरणारा कसा भरडला जातो, मोठ्यांची कर्जं कशी बुडीत खात्यात जातात, यावर आमच्या बिल्डिंगमध्ये दुमत नाही. त्या पाचसात मिनिटांत कुणी बाहेरचा आला असता तर त्याला वाटलं असतं की ही लाल बावट्याची सभा आहे.

मला या "आपण मध्यमवर्गीय" शब्दाची नेहमी गंमत वाटते. आजवर मला स्वतःला श्रीमंत म्हणवणारा माणूस भेटलेला नाही. दोन खोल्यांतला तीन खोल्यांवाल्याला श्रीमंत समजतो, तीन खोल्यांवाला बंगलेवाल्याला आणि बंगलेवाला, ज्याच्याकडे दोन बंगले आहेत त्याला. श्रीमंत हा नेहमी वरच्या मजल्यावर राहतो. आणि तिथे जाऊन दार ठोठावलं तर तोही छताकडे बोट दाखवतो. मध्यम हा शब्द गणितातला खरा, पण आपण तो अंगरख्यासारखा घालतो. कुणाच्याही अंगाला बसतो. या अंगरख्याची सोय अशी, की वर पाहताना माणूस समाजवादी होतो आणि खाली पाहताना मालक. मान तेवढी हलवायची, जागा बदलावी लागत नाही.

इतिवृत्त लिहून काढताना मला सारखं वाटत होतं की हे सगळं बोलणं आपण कुठेतरी आधी वाचलंय. शेवटी आठवलं. माझ्याकडे मुंबईच्या गिरण्यांविषयीची दोनचार जुनी पुस्तकं आहेत, ती काढली. आमच्या सभेचं इतिवृत्त तिथे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या तीसेक वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते. दिवस उगवला की गिरणी सुरू आणि मावळला की बंद. म्हणजे कामगाराच्या कामाचे तास सूर्यनारायण ठरवीत. थंडीत दिवस लहान म्हणून काम थोडं कमी, आणि वैशाखात, जेव्हा गिरणीच्या आत उभंही राहवत नाही, तेव्हा सर्वांत जास्त. आणि रविवार? सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, कारण साहेब चर्चमध्ये जाई. साहेब चर्चमध्ये गेला की हेडक्लार्क मोकळा, हेडक्लार्क मोकळा की कारकून मोकळा. आपल्या पूर्वजांना रविवार मिळाला तो असा, साहेबाच्या देवाच्या कृपेनं, बसल्याजागी. म्हणूनच बहुधा तो आपल्याला अपौरुषेय वाटतो. गिरणीचं इंजिन मात्र कुठल्याच धर्माचं नव्हतं. ते चर्चला जात नसे.

कामगारांना रविवार मागावा लागला. मागणारा माणूस होता नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचा सहकारी, सत्यशोधक, स्वतः गिरणीत स्टोअरकीपरचं काम केलेला आणि "दीनबंधु" या पत्राचा संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या वाचून आज हसूही येतं आणि गप्पही बसावंसं वाटतं. रविवारी पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास खायला मिळावा. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार उशिरात उशिरा पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी हातात पडावा. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. बस्स. यात वाटा नाही, गिरणी नाही, मालकाची गाडी नाही. अर्धा तास आणि एक दिवस.

यावर मालक लोक काय म्हणाले असतील? या लोकांना आधीच सणावाराच्या सुट्ट्या असतात. गिरण्या बंद ठेवणं परवडणार नाही. आणि सगळ्यांत मोठा मुद्दा असा, की कामगारांसाठी कायदे करा असा धोशा लावलाय तो मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी, हिंदी धंदा बुडवण्यासाठी. म्हणजे कामगाराला विश्रांती न देणं ही देशसेवा. मुद्दा अगदीच खोटा नव्हता. लँकेशायरवाल्यांना परळच्या कामगाराचा कळवळा आला होता असं समजण्याचं कारण नाही. पण गंमत अशी, की त्या काळची आपली बहुतेक राष्ट्रीय बाण्याची वृत्तपत्रंही कारखाना कायद्याच्या विरोधातच होती. सुशिक्षित मंडळींनी देशाचा विचार केला आणि देशाच्या हितासाठी कामगारानं रविवारी कामावर जावं असं ठरलं. देशाच्या हितासाठी मालकानं नफा थोडा कमी घ्यावा, हा पर्याय कुणाला सुचला नाही. कारणं नेहमी उदात्त असतात. त्यांचा खर्च तेवढा खालच्या मजल्यावर पडतो.

लोखंडे चिकट निघाले. १८९० च्या २४ एप्रिलला त्यांनी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरवली. त्या सभेत दोन बायकाही बोलल्या, अशी नोंद आहे. गिरणीकामगार बायका, १८९० साली, दहा हजारांपुढे! ज्या काळात आपल्या घरातल्या बायका परपुरुष आला की माजघरात जात, त्या काळात. आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघानं आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी ती कायद्यातही आली. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता वारले. २००५ साली त्यांच्या नावाचं टपालाचं तिकीट निघालं.

हे सगळं मी बायकोला वाचून दाखवत होतो तेव्हा आमच्या बाई ओट्याशी होत्या. आमच्या बाई पन्नाशीच्या, भांडुपहून येतात. बोलणं कमी. नळ बंद करून त्या म्हणाल्या, "गिरणीचं वाचताय का, काका? माझे बाबा गिरणीत होते. डिलाइल रोडला."

"हो?" बायको म्हणाली. अकरा वर्षं बाई आमच्याकडे येतात, पण डिलाइल रोड आमच्या घरात पहिल्यांदाच आला.

"संपात बसले ना. मग नाहीच उघडली गिरणी. मी तेव्हा दुसरीत होते. मग आईनं भांडी धरली." जरा थांबून त्या म्हणाल्या, "बाबांना रविवार होता, काकू. रविवारी आम्हाला राणीच्या बागेत न्यायचे. आईला नव्हता. मलापण नाही."

आणि त्यांनी नळ पुन्हा सोडला.

हा संप म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो विरत गेला. त्याबरोबर गिरण्या विरल्या, कामगार विरले, आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आले, टॉवर आले. काही ठिकाणी धुराडं शोभेला राखलंय. त्या संपाचं काय चुकलं, मालकांचं किती, पुढाऱ्यांचं किती, सरकारचं किती, यावर मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलंय. पण बाईंनी सांगितलेला हिशेब मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. १८९० साली दहा हजार माणसांनी मिळवलेला रविवार त्या घरात ब्याण्णव वर्षं टिकला आणि मग एका पिढीत गेला. बापाकडे होता, मुलीकडे नाही. आपल्याला वाटतं, जग हळूहळू का होईना पुढे जातं. आजोबांना नव्हतं ते वडिलांना मिळालं, वडिलांना नव्हतं ते आपल्याला. ते आपलं झालं. जिन्यावरून दुसरंही कुणीतरी आपल्याशेजारून खाली उतरत असतं, आणि आपण वर बघत चढत असल्यामुळे ते दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं मोठं काय त्यात, आम्ही बायांना वाऱ्यावर का सोडतो? हे मात्र खरं आहे, आणि सभेत त्याचीही नोंद झाली. शिक्षिकाबाईंनी आपल्या बाईच्या मुलीची दहावीची फी भरली होती. बँक अधिकाऱ्यांनी आपल्या बाईच्या नवऱ्याच्या आजारपणात रात्री दोन वाजता स्वतःची गाडी काढली होती. दिवाळीला फराळ, जुन्या साड्या, मुलांचे कपडे, उसने म्हणून दिलेले आणि परत न मागितलेले हजार-दोन हजार. आमची बिल्डिंग या बाबतीत कंजूष नाही. मग रविवारच का जड जातो?

मला वाटतं, गोम इथेच आहे. देणगी आणि देणं हे दोन शब्द आपल्या भाषेत एकाच क्रियापदाच्या पोटी जन्मले, पण भाऊबंदकी केवढी! देणगी दिली की छाती फुगते. देणं दिलं की खिसा हलका झाला एवढंच. साडी ही माझी मर्जी. सुट्टी ही तिची मागणी. साडी देताना मी वर असतो, ती खाली. सुट्टी देताना ती समोर उभी असते. आपल्याला परवडत नाही ते समोर उभं असणं. श्रीमंतांचंही असंच असतं, आकडे मोठे एवढंच. देवळाला सोन्याचा कळस चढवतील, इस्पितळाला वडिलांचं नाव देतील. पण कामगारानं "साहेब, आमचे एवढे निघतात" म्हटलं की तो उर्मट झाला. आपण आपलं वर पाहून म्हणतो, कसे हो हे लोक! आणि चहाचा कप घासायला ठेवतो.

राहिला प्रश्न "पगार तेवढाच" याचा. मला छत्तीस वर्षं महिन्याचा पगार मिळाला. त्यात महिन्याचे चार-पाच रविवार होते. ते माझ्या पगारातून कुणी कधी वजा केले नाहीत, आणि "साहेब, काल तर मी काहीच केलं नाही, एक दिवसाचे कापा" असं म्हणायला मीही कधी गेलो नाही. शिवाय वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढे, तोही मला मागावा लागत नसे. दिल्लीला कुणीतरी वस्तूंच्या किमतींचे आकडे मांडी आणि माझा पगार आपोआप वर जाई. तूरडाळ मात्र बाईंनाही त्याच भावात मिळे. महागाई दोघांना होती, भत्ता एकालाच होता.

सभेत हे सगळं मी बोललो नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्यानं बोलू नये असा संकेत आहे. बोलली ती माझी बायको. आणि तिनं लोखंडे, महागाई भत्ता, विषमता यांतलं काहीच काढलं नाही. ती उभी राहून म्हणाली, "मला एक विचारायचंय. इथे सगळे पुरुष सांगतायत की रविवारी बाई नाही आली तर अडचण होईल. कुणाची होईल? भांडी आम्ही घासणार. म्हणजे त्यांना रविवार नको, कारण आम्हाला तो कधीच नव्हता, असंच ना? दोघींमध्ये मिळून एक रविवार नाही आणि भांडण आमच्यातच. तर माझी सूचना अशी आहे, की बायांना रविवारी सुट्टी द्यावी आणि त्या दिवशी भांडी घरातल्या पुरुषांनी घासावीत."

सभागृहात शांतता पसरली, असं मी इतिवृत्तात लिहिलंय. पण ते फारच मोघम आहे. सिलिंग फॅनचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. त्यानंतर चर्चेचा सूर एकदम बदलला. रविवारच्या जेवणात इतकी भांडी लागतातच कशाला, असा विचार एका सभासदानं मांडला. खिचडी हे पूर्णान्न आहे, असं दुसऱ्यानं सांगितलं. आमटीला वेगळी वाटी ही चैन असल्याचं तिसऱ्याच्या लक्षात आलं. जी काटकसर वर्षानुवर्षं आम्हाला सुचली नव्हती ती दहा मिनिटांत सुचली. शेवटी मतदान झालं. सभेला बायका जास्त होत्या. ठराव सतरा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाला. बँक अधिकाऱ्यांनी आपला विरोध नोंदवून घ्यायला सांगितला. मी तो चांगल्या अक्षरात नोंदवला.

पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता आमच्या बिल्डिंगमध्ये जो आवाज झाला तो गणपतीच्या आरतीलाही होत नाही. चारही मजल्यांवरून पातेली, डाव, झारे आणि पुरुषांचे निःश्वास. बँक अधिकाऱ्यांचा मला फोन आला. दुधाचं भांडं तळाला लागलं होतं, ते कशानं निघतं? मी म्हटलं, बायकोला विचारून सांगतो. ते म्हणाले, तिला विचारायचं नाही म्हणून तर तुम्हाला फोन केला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. तीन घरांनी महिन्याचे चार दिवस कापले. दोन घरांनी बाईच बदलली. रविवारी येणारी दुसरी मिळाली, तीही त्याच पगारात. मिळतेच. जिची गरज जास्त ती मिळतेच, आणि या एका गोष्टीवर जगातल्या सगळ्या मालकांचा फार जुना भरवसा आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, त्यांची संघटनाही उभी राहिली. महाराष्ट्रानं २००८ साली घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत घरकामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळावी असा करार झाला, आपल्या देशानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण तो स्वतःला लागू करून घेणारी मंजुरी अजून दिलेली नाही. बाहेरच्या सभेत हात वर करायचा आणि घरी आल्यावर बघू म्हणायचं, ही रीत आमच्या बिल्डिंगपुरती नाही हे पाहून बरं वाटतं. कारखान्याचा कायदा कारखान्याला आहे. स्वयंपाकघर त्यात बसत नाही. त्यामुळे आमच्या सात बायांपैकी पाच जणींचा रविवार अजून आमच्या मर्जीवर, म्हणजे सतरा विरुद्ध नऊवर उभा आहे. गच्चीच्या गळतीसारखा तो विषय पुन्हा कधीही सभेपुढे येऊ शकतो.

पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी बँक अधिकारी जिन्यात आमच्या बाईंना भेटले. सभेतला पाचवा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता. त्यांनी आपुलकीनंच विचारलं, "काय मग, काय केलंत काल सुट्टीचं?"

बाई म्हणाल्या, "काही नाही."

आणि त्या पायऱ्या चढून वर आल्या. अधिकारी मला म्हणाले, "बघा! काही नाही म्हणे. मग सुट्टी हवी कशाला?" मी काही बोललो नाही. पण छत्तीस वर्षं दर सोमवारी कचेरीत आम्हीही एकमेकांना हेच सांगत आलो, आणि मग सुट्टी कशाला घेतलीत, असं आम्हाला साहेबानंसुद्धा कधी विचारलं नाही. पैसा कुणाकडे किती याचे हिशेब अर्थशास्त्रज्ञ मांडतातच. मला वाटतं, आपल्या रिकाम्या वेळाचा जाब कुणाला द्यावा लागतो आणि कुणाला लागत नाही, हेही एकदा मोजून पाहावं. गरीब-श्रीमंत यांच्यामधली रेघ तिथे फार स्वच्छ दिसते.

बाईंनी ती त्या दिवशी ओलांडली. "काही नाही" हे दोन शब्द त्यांनी ज्या ऐटीत उच्चारले, त्या ऐटीत ते शब्द मी आजवर फक्त पेन्शनरांच्या तोंडून ऐकले आहेत.